हसूरचंपू ते ‘मारुत’ : विमानरचनाकार डॉ. विष्णू माधव घाटगे

नवी दिल्ली : पालम येथील भारतीय हवाई दलाच्या संग्रहालयात देशी बनावटीची दोन विमाने जतन केलेली आहेत. त्यांपैकी एक आहे पंख्यावर चालणारे, दोन आसनांचे, साध्या बांध्याचे ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान. दुसरे आहे मागे झुकलेल्या पंखांचे, निमुळत्या नाकाचे ‘एचएफ-२४ मारुत’ हे जेट लढाऊ विमान. पहिले विमान १९५१ मध्ये आकाशात झेपावले आणि दुसरे १९६१ मध्ये. सुईदेखील परदेशातून येते असे ज्या देशाबद्दल म्हटले जाई, त्या देशाने स्वातंत्र्यानंतर अवघ्या चौदा वर्षांत जेट लढाऊ विमान उडवून दाखवले होते. या दोन्ही विमानांच्या जन्मकथेत एका मराठी माणसाचे नाव येते. ते नाव म्हणजे डॉ. विष्णू माधव घाटगे.

‘तेजस’ या हलक्या लढाऊ विमानाच्या निमित्ताने आज स्वदेशी विमाननिर्मितीची चर्चा राजधानीत सातत्याने होत असते. इंजिने कधी मिळणार, हवाई दलाच्या स्क्वॉड्रनची घटती संख्या कशी भरून निघणार, पुढची आवृत्ती केव्हा येणार, हे प्रश्न संसदेपासून संरक्षण मंत्रालयापर्यंत विचारले जातात. यांतील बहुतेक प्रश्न घाटगे यांच्या पिढीपुढेही उभे होते. त्यांची उत्तरे त्या पिढीला कुठे सापडली आणि कुठे हुलकावणी देऊन गेली, हे समजण्यासाठी घाटगे यांचे चरित्र हा उत्तम मार्ग आहे.

गडहिंग्लजहून ग्योटिंगेनला

विष्णू माधव घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपू या लहानशा गावी झाला. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमेलगतचा हा मुलूख. कोल्हापुरात तेव्हा राजर्षी शाहू महाराजांची कारकीर्द सुरू होती. राइट बंधूंनी अमेरिकेत पहिले उड्डाण केले त्याला जेमतेम पाच वर्षे झाली होती आणि हिंदुस्थानच्या भूमीवरून विमानाने टपाल वाहून नेण्याचा प्रयोग होण्यास आणखी सव्वादोन वर्षांचा अवकाश होता. त्या काळी गडहिंग्लज परिसरातील मुलाने विमान पाहिले असण्याची शक्यताही फार थोडी.

घाटगे यांचे महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात झाले. विज्ञान आणि गणित या विषयांत पदवी मिळवल्यानंतर त्यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेतून भौतिकशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली. हुशार तरुणाने इंग्लंडला जावे, सनदी सेवेची परीक्षा द्यावी किंवा बॅरिस्टर होऊन परतावे, हा त्या वेळचा सर्वमान्य मार्ग होता. घाटगे यांनी १९३३ मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठाची वाट धरली.

ही निवड पुढील सगळ्या आयुष्याला वळण देणारी ठरली. ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल शिकवत होते. हवा विमानाच्या पंखावरून वाहते तेव्हा पृष्ठभागाला चिकटून एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि विमानाला होणारा अवरोध बहुतांशी या थराच्या वागणुकीवर अवलंबून असतो, हा सिद्धान्त प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये मांडला होता. आधुनिक वायुगतिशास्त्राचा पाया तेथे घातला गेला. पंख किती लांब असावा, त्याला बाक किती द्यावा, शेपटीचे क्षेत्रफळ किती ठेवावे, या गोष्टी त्यापूर्वी अनुभवाने आणि अंदाजाने ठरत असत. प्रांट्ल आणि त्यांच्या शिष्यांनी त्यांना गणिताची शिस्त लावली.

घाटगे ग्योटिंगेनला पोहोचले त्याच वर्षी जर्मनीत हिटलरची सत्ता आली. मॅक्स बॉर्न, रिचर्ड कुरांट यांच्यासारख्या ज्यू वंशाच्या नामवंत प्राध्यापकांना विद्यापीठ सोडावे लागले. ज्ञानाचे एक जगप्रसिद्ध केंद्र डोळ्यांदेखत रिते होत असताना घाटगे यांनी तेथे संशोधन केले आणि १९३६ मध्ये प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करणारे ते एकमेव भारतीय मानले जातात.

ते मायदेशी परतले तेव्हा त्यांच्या विद्येचा उपयोग करून घेणारी जागा देशात नव्हती. विमानाचे आरेखन करणारा, ते घडवणारा एकही कारखाना हिंदुस्थानात उभा राहिलेला नव्हता.

वालचंदांचा कारखाना

ही उणीव भरून काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न केला तोही एका महाराष्ट्रीय उद्योजकाने. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साह्याने २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ ही कंपनी स्थापन केली. अमेरिकी उद्योजक विल्यम पॉली यांची तांत्रिक मदत या कामी मिळाली. दुसरे महायुद्ध पेटलेले होते आणि पूर्वेकडील आघाडीवर विमानांची निकड वाढत होती. घाटगे या कारखान्यात सुरुवातीच्या काळातच दाखल झाले.

सुरुवातीचे काम सुट्या भागांची जुळणी करण्याचे होते. तरीही युद्धाच्याच धामधुमीत घाटगे यांच्या आराखड्यानुसार सैनिकांची वाहतूक करणारे दहा आसनी ग्लायडर तेथे तयार झाले. ‘जी-१’ या नावाचे हे ग्लायडर मोठ्या संख्येने बनले नाही, तरी भारतीय रचनाकाराने कागदावर आखलेली वस्तू भारतीय कारागिरांनी घडवली आणि ती हवेत तरंगली, एवढे त्यातून सिद्ध झाले. पुढे सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि १९४३ पासून कारखाना अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाकडे दुरुस्ती केंद्र म्हणून गेला. नव्या रचनेचे काम थांबले. हजारो कामगारांना मात्र धातूचे पत्रे, रिव्हेट, इंजिने आणि तपासणीची कडक पद्धत यांची सवय या वर्षांत झाली. हे शिक्षण नंतर उपयोगी पडले.

याच सुमारास घाटगे यांनी आणखी एक पाया घातला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ च्या अखेरीस वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला. तो उभा करण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. विमान बनवायचे तर विमानाचे गणित जाणणारी माणसे हवीत आणि ती दरवेळी जर्मनी किंवा इंग्लंडमधून आणता येणार नाहीत, हे उघड होते. कारखाना आणि वर्ग यांच्यातील अंतर थोडक्या मैलांचे होते आणि घाटगे यांचा वावर दोन्हीकडे होता. पुढे भारतीय अंतराळ कार्यक्रमाची धुरा वाहणारे सतीश धवन यांनीही उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला जाण्यापूर्वी काही काळ याच कारखान्यात उमेदवारी केली होती.

पहिले देशी विमान

स्वातंत्र्यानंतर हवाई दलापुढे वैमानिक तयार करण्याचा प्रश्न होता. नव्या वैमानिकाला पहिले धडे द्यायला ब्रिटिश बनावटीची ‘टायगर मॉथ’ ही जुनी दुपंखी विमाने होती. त्यांची जागा घेणारे विमान देशात तयार करावे असा निर्णय झाला आणि १९४८ मध्ये घाटगे यांच्या नेतृत्वाखाली ‘एचटी-२’ च्या आरेखनास प्रारंभ झाला.

प्राथमिक प्रशिक्षण विमान दिसायला साधे असले तरी त्याची रचना सोपी नसते. शिकाऊ वैमानिक चुका करणार हे गृहीत धरून ते आखावे लागते. वेग कमी पडला की विमानाने आधी इशारा द्यावा लागतो, मग खाली यावे लागते. गिरकीत सापडलेले विमान ठरावीक कृतीने बाहेर काढता यावे लागते, आणि धावपट्टीवर आदळत उतरले तरी चाकांनी तो आघात सोसावा लागतो. ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ‘एचटी-२’ चे पहिले उड्डाण केले. संपूर्ण धातूचे, एकामागे एक दोन आसने असलेले हे विमान १५५ अश्वशक्तीच्या ब्रिटिश इंजिनावर चाले. १९५३ पासून त्याचे उत्पादन सुरू झाले. एकूण १७२ विमाने तयार झाली आणि त्यांपैकी १२ घाना या नवस्वतंत्र आफ्रिकी देशाच्या हवाई दलाला देण्यात आली. भारतीय हवाई दलाच्या वैमानिकांच्या तीन दशकांच्या पिढ्या याच विमानावर उडायला शिकल्या.

पाठोपाठ फ्लाइंग क्लबांसाठी ‘पुष्पक’ हे हलके विमान १९५८ मध्ये उडाले. त्याच धर्तीवर लष्कराच्या तोफखान्याला वरून निरीक्षण करता यावे म्हणून ‘कृषक’ हे मोठे विमान पुढच्या वर्षी तयार झाले. या विमानांमध्ये एक क्रम होता. प्रत्येक वेळी आधीच्या कामातून मिळालेला अनुभव पुढच्या विमानात वापरला जात होता. सांगाडा, पंख, नियंत्रणे, चाचण्या हे सारे देशातच होत होते. इंजिन तेवढे बाहेरून येत होते. लहान पंख्याच्या विमानाला या गोष्टीने अडत नसे, कारण अशी इंजिने जगाच्या बाजारात सहज विकत मिळत. लढाऊ विमानाच्या बाबतीत मात्र हाच धागा पुढे गळफास ठरणार होता.

दिल्लीची मागणी आणि कुर्ट टँक

१९५० च्या दशकाच्या मध्यास दिल्लीतील हवाई मुख्यालयाने नव्या लढाऊ विमानासाठी आपल्या अपेक्षा निश्चित केल्या. विमान बहुउद्देशीय असावे, म्हणजे उंचावर शत्रूच्या विमानांना अडवणे आणि खाली उतरून जमिनीवरील लक्ष्यांवर मारा करणे ही दोन्ही कामे त्याने करावीत, असे ठरले. ध्वनीच्या दुप्पट वेग, ६०,००० फुटांपर्यंतची उंची आणि सुमारे ८०० किलोमीटरचा कार्यपल्ला या त्यातील मुख्य अटी होत्या. प्रगत प्रशिक्षण विमान आणि नौदलाच्या जहाजावरून उडणारे विमान या आवृत्त्याही याच मूळ रचनेतून काढता याव्यात, अशी अपेक्षा होती. त्या वेळी जगातील मोजक्याच देशांना असे विमान साधले होते. १५५ अश्वशक्तीच्या प्रशिक्षण विमानावरून थेट या पायरीवर जाणे ही मोठी झेप होती.

या झेपेसाठी परदेशी अनुभव आवश्यक होता. पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या सरकारने जर्मन रचनाकार कुर्ट टँक यांना पाचारण केले. महायुद्धातील ‘फोक-वुल्फ १९०’ हे गाजलेले लढाऊ विमान टँक यांनी रचले होते. युद्धानंतर ते अर्जेंटिनाला गेले, तेथे जेट विमान तयार केले आणि पेरॉन यांची राजवट कोसळल्यावर नव्या कामाच्या शोधात होते. ऑगस्ट १९५६ मध्ये ते बंगळूरला आले. त्यांच्याबरोबर सुमारे अठरा जर्मन अभियंत्यांचा गट होता. कारखान्याच्या आरेखन विभागात तेव्हा सगळे मिळून पन्नासच्या आसपास माणसे होती आणि ज्येष्ठ भारतीय रचनाकार तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. घाटगे त्यांतले अग्रणी. जर्मन भाषा आणि जर्मन वायुगतिशास्त्राची परंपरा, दोन्ही त्यांनी ग्योटिंगेनमध्येच आत्मसात केली होती. टँक यांच्या कल्पना आणि बंगळूरची कार्यशाळा यांना जोडणारी भारतीय बाजू त्यांच्या पिढीने सांभाळली.

या विमानाला ‘मारुत’ हे वाऱ्याचे नाव मिळाले. त्याची पद्धतशीर जडणघडण अभ्यासण्याजोगी आहे. प्रत्यक्ष जेट विमान बनवण्यापूर्वी त्याच आकाराचे, इंजिन नसलेले, लाकडी ग्लायडर तयार करण्यात आले. १९५९ पासून डकोटा विमानाच्या मागे दोर बांधून ते वर नेले जाई आणि सोडून दिले जाई. अशी सुमारे ८० उड्डाणे झाली. मागे झुकलेल्या पंखांचे विमान कमी वेगात कसे वागते, झडपा उघडल्यावर त्याचा तोल कसा राहतो, याची माहिती त्यातून मिळाली. दरम्यान धातूचा सांगाडा उभा राहत होता. धड पंखांपाशी किंचित आवळलेले होते, कारण ध्वनीच्या वेगाजवळ वाढणारा अवरोध त्यामुळे कमी होतो. दोन इंजिने शेजारी शेजारी बसवण्याची सोय होती.

१७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी ‘मारुत’ चे पहिले उड्डाण केले. आठवडाभराने, २४ जूनला, संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यासमोर त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. आशियात सोव्हिएत संघाबाहेर रचलेले आणि उत्पादनापर्यंत पोहोचलेले हे पहिले जेट लढाऊ विमान ठरले. त्या दिवशी घाटगे बावन्न वर्षांचे होते.

इंजिनाविना आवृत्त्या

आकाशात झेपावलेले हे विमान ज्या इंजिनासाठी आखले होते ते इंजिन त्यात नव्हते. ब्रिटिश कंपनी ब्रिस्टॉल आपल्या ‘ऑर्फियस’ इंजिनाची आफ्टरबर्नर असलेली अधिक ताकदीची आवृत्ती विकसित करणार, या गृहीतकावर सगळे गणित बसवले होते. ब्रिटनला ते इंजिन स्वतःसाठी नको होते. विकासाचा खर्च भारताने उचलावा, असा प्रस्ताव आला आणि दिल्लीने तो मान्य केला नाही. परिणामी ‘नॅट’ या छोट्या लढाऊ विमानासाठी बंगळुरातच परवान्याने बनणाऱ्या ऑर्फियस इंजिनाच्या जातकुळीतले, आफ्टरबर्नर नसलेले इंजिन ‘मारुत’ मध्ये बसवावे लागले. प्रत्येक इंजिनाचा रेटा ४,८५० पौंड होता. अपेक्षित इंजिनाचा रेटा त्याहून जवळजवळ सत्तर टक्क्यांनी अधिक असणार होता. ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी जन्मलेले विमान सपाट उड्डाणात ध्वनीच्या वेगाच्या उंबरठ्यावरच थांबले.

‘मारुत’ च्या पुढील सर्व आवृत्त्यांचा इतिहास हा या एका उणिवेवर उपाय शोधण्याचा इतिहास आहे. ‘मार्क १’ ही मूळ एक आसनी आवृत्ती उत्पादनात गेली. तिच्यात ३० मिलिमीटरच्या चार तोफा, पोटात मागे-पुढे होणारा ५० रॉकेटांचा संच आणि पंखांखाली बॉम्ब अशी शस्त्रसज्जा होती. जमिनीवरील माऱ्यासाठी ती भक्कम होती. उंचावरील झुंजीसाठी लागणारी ताकद तिच्यात नव्हती. ‘मार्क १ए’ मध्ये भारतीय तंत्रज्ञांनी ऑर्फियसला स्वतः आफ्टरबर्नर जोडून पाहिला. सोव्हिएत ‘आरडी-९’ इंजिनांचाही विचार झाला, परंतु ती या विमानास मानवली नाहीत.

सर्वांत विलक्षण प्रयत्न ‘मार्क १बीएक्स’ चा होता. इजिप्तमध्ये त्या वेळी विली मेसरश्मिट यांनी आखलेले लढाऊ विमान आणि फर्डिनांड ब्रांडनर यांचे ‘ई-३००’ इंजिन विकसित होत होते. भारताकडे विमान होते आणि इंजिन नव्हते, इजिप्तला इंजिनाच्या चाचणीसाठी विमान हवे होते. दोन अलिप्ततावादी देशांनी हात मिळवले. एक ‘मारुत’ कैरोजवळच्या हेलवान येथे नेऊन त्यात हे इंजिन बसवण्यात आले आणि मार्च १९६७ पासून चाचण्या सुरू झाल्या. तीनच महिन्यांनी अरब-इस्रायल युद्ध पेटले. १९६९ मध्ये इजिप्तने कार्यक्रम गुंडाळला आणि ती आशाही मावळली. टँक त्याआधीच १९६७ मध्ये भारत सोडून गेले होते.

दिल्लीने मधल्या काळात वेगळा मार्ग निवडला होता. १९६२ मध्ये सोव्हिएत ‘मिग-२१’ विमाने घेण्याचा आणि ती परवान्याने देशात बनवण्याचा निर्णय झाला. नाशिकजवळ ओझर येथे त्यांचा कारखाना उभा राहिला. तातडीच्या गरजेपोटी घेतलेला हा निर्णय होता. चीनबरोबरच्या युद्धाच्या आणि पाकिस्तानला मिळालेल्या अमेरिकी विमानांच्या छायेत तो चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र ध्वनीहून वेगवान विमान तयार मिळू लागल्यावर ‘मारुत’ च्या इंजिनासाठी पैसा आणि वेळ खर्च करण्याची निकड ओसरली. परवान्याने विमान बनवताना कारखान्याला ते कसे बनवायचे हे शिकता येते. ते तसे का रचले आहे, याचे उत्तर मात्र आराखड्याबरोबर मिळत नाही.

किरण : पायरीपायरीने

‘मारुत’ च्या अडचणी वाढत असतानाच घाटगे यांच्या नेतृत्वाखालील दुसरे काम शांतपणे पुढे सरकत होते. जेट युगातील वैमानिकांना आरंभापासून जेटवरच शिकता यावे, यासाठी ‘एचजेटी-१६ किरण’ या प्रशिक्षण विमानाची रचना सुरू होती. ४ सप्टेंबर १९६४ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले. ‘एचटी-२’ मध्ये शिक्षक आणि शिष्य एकामागे एक बसत. ‘किरण’ मध्ये ते शेजारी बसू लागले, त्यामुळे शिक्षकाला शिष्याच्या हालचाली थेट दिसू लागल्या. ब्रिटनचे ‘व्हायपर’ हे सिद्ध झालेले इंजिन त्यासाठी निवडले होते. अपेक्षा माफक ठेवल्या होत्या आणि ज्याचे अस्तित्वच नाही अशा इंजिनावर गणित मांडलेले नव्हते.

‘किरण’ च्या आवृत्त्या एकामागून एक आल्या. ‘मार्क १’ नंतर पंखांखाली शस्त्रे वाहू शकणारे ‘मार्क १ए’ तयार झाले. या दोन्ही मिळून १९० विमाने बनली. १९७६ मध्ये उडालेल्या ‘मार्क २’ मध्ये अधिक ताकदीचे इंजिन आले. ते होते ऑर्फियस. जे इंजिन लढाऊ विमानाला तोकडे पडले, तेच प्रशिक्षण विमानाला पुरून उरले. पुढे १९९६ मध्ये बिदर येथे स्थापन झालेल्या ‘सूर्यकिरण’ या हवाई कसरती पथकाने याच ‘मार्क २’ विमानांवर देशभरातील प्रेक्षकांना डोळे आकाशाकडे लावायला भाग पाडले. त्या विमानांचा मूळ आराखडा मराठी रचनाकाराच्या नेतृत्वाखाली झाला होता, हे त्या गर्दीतील फारच थोड्यांना ठाऊक असावे.

१९६५ मध्ये भारत सरकारने घाटगे यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरवले.

युद्धाची कसोटी

‘मारुत’ ची पहिली स्क्वॉड्रन १९६७ मध्ये उभी राहिली. अधिक ताकदीच्या आवृत्तीचा शोध सुरूच होता आणि त्याची किंमतही मोजावी लागली. १० जानेवारी १९७० रोजी सुधारित आफ्टरबर्नर बसवलेल्या ‘मार्क १आर’ या नमुना विमानाला उड्डाणानंतर लगेचच अपघात झाला आणि त्यात सुरंजन दास मृत्युमुखी पडले. पहिल्या दिवसापासून ज्यांनी ‘मारुत’ ला आकाशात नेले, त्यांचाच अंत त्याच्या नव्या आवृत्तीत व्हावा, हा बंगळूरच्या रचनाकारांवर मोठा आघात होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘मार्क १टी’ ही दोन आसनी प्रशिक्षण आवृत्ती उडाली. तिच्यात रॉकेटांच्या संचाची जागा दुसऱ्या आसनाने घेतली.

डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झाले तेव्हा जोधपूर आणि उत्तरलाई येथील तळांवरून ‘मारुत’ च्या दोन स्क्वॉड्रन राजस्थान-सिंध आघाडीवर लढल्या. शत्रूचे तळ, रेल्वेगाड्या, रणगाडे आणि दारूगोळ्याचे साठे हे त्यांचे लक्ष्य होते. जमिनीवरून झालेल्या माऱ्यात काही विमाने गमवावी लागली. हवाई झुंजीत मात्र एकही ‘मारुत’ पडले नाही. उलट ७ डिसेंबरला स्क्वॉड्रन लीडर के. के. बक्षी यांनी शत्रूचे एक ‘सेबर’ विमान पाडले. गोळ्या लागून एक इंजिन निकामी झालेली विमाने दुसऱ्या इंजिनाच्या आधारावर तळावर परतल्याच्या घटनाही घडल्या. ज्या विमानावर मंद म्हणून टीका झाली होती त्याचा सांगाडा आणि दोन इंजिनांची रचना रणांगणात खरी उतरली.

या कामगिरीनंतरही ‘मारुत’ चे भवितव्य पालटले नाही. सत्तरच्या दशकात ‘एचएफ-७३’ नावाच्या नव्या, अधिक सामर्थ्यवान विमानाचा विचार झाला. त्यालाही योग्य इंजिन मिळाले नाही आणि तो कागदावरच राहिला. १४७ विमाने तयार झाल्यावर ‘मारुत’ चे उत्पादन थांबले आणि १९९० च्या सुमारास ते सेवेतून निवृत्त झाले. त्यानंतर अल्पावधीतच, ६ डिसेंबर १९९१ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी डॉ. घाटगे यांचे निधन झाले.

तुटलेला धागा

घाटगे यांच्या आयुष्यातील तारखा ओळीने मांडल्या की एक गोष्ट ठळकपणे नजरेस येते. ‘एचटी-२’ पासून ‘किरण’ पर्यंतच्या काळात बंगळूरचे रचनाकार एकही वर्ष नव्या विमानाविना बसलेले नव्हते, असे म्हणता येईल. एका विमानाची चाचणी सुरू असताना दुसऱ्याचे आराखडे काढले जात. ‘मारुत’ नंतर लढाऊ विमानांच्या बाबतीत हा क्रम तुटला. ‘तेजस’ चा मूळ प्रकल्प १९८३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले. ‘मारुत’ आणि ‘तेजस’ यांच्या पहिल्या उड्डाणांमध्ये जवळजवळ चाळीस वर्षांचे अंतर आहे. इतक्या काळात एक संपूर्ण पिढी निवृत्त होते, आणि तिच्या हातांत असलेले बरेचसे ज्ञान तिच्याबरोबर जाते. ‘तेजस’ च्या रचनाकारांना अनेक गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या.

इंजिनाचा प्रश्नही तसाच पुढे आला. ‘तेजस’ साठी १९८९ मध्ये ‘कावेरी’ या देशी इंजिनाचा प्रकल्प हाती घेण्यात आला. अपेक्षित रेटा न मिळाल्याने त्याची वाट वेगळी झाली आणि ‘तेजस’ अमेरिकी इंजिनावर उडू लागले. ‘मार्क १ए’ या सुधारित आवृत्तीच्या ८३ विमानांचा करार २०२१ मध्ये झाला, पण इंजिनांच्या पुरवठ्यातील विलंबाने वेळापत्रक मागे पडले. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘मिग-२१’ ने चंडीगड येथे हवाई दलाचा निरोप घेतला आणि पुढच्याच महिन्यात, ज्या नाशिकमध्ये कधीकाळी ‘मिग’ बनत होते, तेथे तयार झालेल्या ‘तेजस मार्क १ए’ ने पहिले उड्डाण केले. परवान्याच्या विमानासाठी उभारलेला कारखाना देशी रचनेच्या विमानाकडे वळण्यास सहा दशके लागली.

घाटगे यांच्या कामाचे मोल या पार्श्वभूमीवर नीट कळते. ‘एचटी-२’ आणि ‘किरण’ यशस्वी झाले, कारण हाती असलेल्या साधनांच्या मापाने त्यांच्या अपेक्षा बेतल्या होत्या आणि त्यांना हवी ती इंजिने उपलब्ध होती. ‘मारुत’ अपुरे राहिले ते रचनेच्या दोषापेक्षा इंजिनाबाबतच्या निर्णयामुळे. लढाऊ विमानाचे इंजिन हवे तेव्हा बाजारात मिळत नाही. ते देणारा देश आपल्या सोयीने देतो, आपल्या सोयीने थांबवतो. इंजिनाचा विकास विमानाच्या आधी सुरू व्हावा लागतो आणि अपयश आले तरी चालू ठेवावा लागतो, हा धडा १९६१ मध्येच समोर होता.

बंगळुरात हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या सभागृह संकुलाला आज घाटगे यांचे नाव आहे आणि तेथील एक रस्ता सुरंजन दास यांच्या नावाने ओळखला जातो. भारतीय वैमानिकी संस्था घाटगे यांच्या नावाने पुरस्कार देते. महाराष्ट्रात मात्र हे नाव अभियंत्यांच्या वर्तुळाबाहेर फारसे पोहोचलेले नाही. शालेय पाठ्यपुस्तकांतून राइट बंधूंची ओळख होणाऱ्या विद्यार्थ्याला हसूरचंपूच्या या रचनाकाराचीही ओळख व्हायला हवी. पालमच्या संग्रहालयातील ‘एचटी-२’ आणि ‘मारुत’ यांच्याकडे पाहताना अवघ्या दहा वर्षांत या देशाने किती मोठे अंतर कापले होते ते त्याला समजेल, आणि पुढचे अंतर कापायला इतका काळ का लागला, हा प्रश्नही त्याच्या मनात येईल.